परभणी जिल्ह्यातील ग्रामपंचायतीचे वार्षिक कामकाज : फसली सनापासून आर्थिक वर्षापर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

ग्रामपंचायतीचा अभ्यास बहुधा निवडणूक, आरक्षण, नेतृत्व आणि योजनांची अंमलबजावणी या अंगांनी केला जातो. पंचायत प्रत्यक्षात वर्षभर काय करते, कोणत्या महिन्यात कोणते काम तिच्यासमोर येते आणि त्या कामांचा क्रम कोणी ठरविला, या प्रश्नांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. संस्थेचे खरे स्वरूप तिच्या पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या निवडणुकीत जितके दिसते, तितकेच ते दरवर्षी न चुकता करावयाच्या कामांत दिसते. कर आकारणे, मागणी बिले देणे, वसुली करणे, अंदाजपत्रक तयार करणे, ग्रामसभा बोलाविणे आणि गावासमोर जमाखर्च ठेवणे ही ती कामे होत.

परभणी जिल्हा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील महसुली वर्ष, प्रशासनाची भाषा आणि गावकामगारांची रचना मुंबई इलाख्याहून वेगळी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. अवघ्या एका तपात येथील गावाने तीन राज्यव्यवस्था पाहिल्या. या स्थित्यंतरात गावाच्या कारभाराचे वर्षच कसे बदलले आणि त्या बदलाचा ग्रामसभेवर व करवसुलीवर काय परिणाम झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जिल्ह्याच्या सीमाही स्थिर राहिलेल्या नाहीत. १९८१ मध्ये जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून वेगळा झाला. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. आजच्या परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम हे नऊ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १८ लाख ३६ हजार इतकी आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळी जमीन, खरिपात कापूस, सोयाबीन व तूर आणि रब्बीत ज्वारी व हरभरा हे येथील शेतीचे सर्वसाधारण चित्र होय.

पूर्वपीठिका : काळी, पांढरी आणि चावडी

मराठवाड्यातील गावाची जुनी मांडणी काळी आणि पांढरी या दोन शब्दांत सामावलेली होती. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती. काळीचा हिशेब राज्याला द्यावयाचा आणि पांढरीचा व्यवहार गावाने आपापसांत निभवावयाचा, अशी स्थूल विभागणी होती. पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार यांच्या हक्क-कर्तव्यांची घडी सुगीच्या खळ्यावर उलगडत असे. बलुत्याचा वाटा धान्यरूपाने मिळे. त्यामुळे गावाच्या हिशेबाचे वर्ष आणि पिकाचे वर्ष वेगळे नव्हते.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गोतसभेत किंवा चावडीवर बसण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. गावकीची अत्यंत कष्टाची कामे ज्यांच्याकडे होती, त्या दलित जातींना चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागत असे. पिकाच्या वर्षाशी जुळलेला कारभार हा लोकांच्या संमतीने चाललेला कारभार होता, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

सालारजंग पहिले यांच्या काळात, १८६५ मध्ये, हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी झाली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार आणि गावात पटेल व पटवारी अशी उतरंड तयार झाली. कागदपत्रांची वरची भाषा प्रथम फार्सी व पुढे उर्दू राहिली. गावचा पटवारी मराठी जाणणारा असला, तरी त्याने लिहिलेल्या कागदाचा अंतिम वाचक मराठी जाणणारा असेलच असे नव्हते. गावाचा हिशेब गावासाठी नसून वरिष्ठांसाठी असतो, ही जाणीव येथे खोलवर रुजली.

फसली सनाचे महत्त्व

संस्थानचा कारभार फसली सनाने चालत असे. ‘फसल’ म्हणजे पीक, आणि पिकाच्या हिशेबासाठी वापरावयाचे वर्ष ते फसली. हैदराबादेत हे वर्ष ऑक्टोबरच्या प्रारंभी ‘आजूर’ महिन्याने सुरू होई. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानाने इसवी सन मिळतो. १३५८ फसली म्हणजे १९४८ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले वर्ष, असे हे गणित आहे. जुन्या नोंदी वाचताना हा फरक ध्यानात न घेतल्यास कालनिश्चितीत चूक होण्याचा संभव असतो.

खरीप हाती येण्याच्या वेळी वर्षाचा आरंभ व्हावा, यात सरकारची सोय होती. शेतकऱ्याच्या घरात धान्य किंवा पैसा येतो तेव्हाच सारा मागितला तर तो वसूल होतो, हे त्यामागचे साधे तत्त्व होय. ही दया नव्हती, तर वसुलीचे व्यवहारज्ञान होते. पीक बुडाले तरी सारा बुडत नसे आणि त्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागे. तथापि मागणीचा काळ आणि ऐपतीचा काळ यांचा मेळ घालण्याची ही दृष्टी पुढील काळाच्या तुलनेसाठी महत्त्वाची ठरते.

ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होऊ लागले. इंग्लंडच्या हिशेबाशी मेळ राखणे हा त्यामागील प्रमुख विचार होता. या देशातील पाऊस व पीक यांच्याशी त्या तारखेचा संबंध नव्हता. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर आजूरऐवजी एप्रिल हा मराठवाड्यातील कारभाराचा पहिला महिना झाला.

पंचायतीचा कायदेशीर प्रारंभ

मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा स्वतंत्र कायदा १९२० मध्ये आणि सुधारित कायदा १९३३ मध्ये झाला. हैदराबाद संस्थानात स्थानिक कामांसाठी लोकल फंडाची व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उभी राहिली. पण ग्रामपंचायतीसंबंधीची कायदेशीर तरतूद १९४० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत लांबली. तिच्यावरील सरकारी नियंत्रणही कडक होते. याच दशकाच्या उत्तरार्धात रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमेलगतच्या अनेक गावांतील लोक घरेदारे सोडून गेले. अशा स्थितीत गावकारभाराची नवी संस्था रुजणे अशक्यप्राय होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्यानंतर १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या आणि १९५० मध्ये कूळकायदा आला. गावातील सत्तेचा आर्थिक पाया हलू लागल्यावरच पंचायतीला अर्थ प्राप्त झाला.

हैदराबाद राज्याने १९५१ मध्ये ग्रामपंचायतीचा कायदा केला आणि १९५६ मध्ये ‘हैदराबाद ग्रामपंचायत अधिनियम’ संमत झाला. त्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाल्याने तो येथे अल्पकाळच अमलात राहिला. द्वैभाषिक राज्यातील मुंबई, मध्यप्रांत-वऱ्हाड, हैदराबाद व सौराष्ट्र या प्रदेशांतील निरनिराळे कायदे रद्द करून ‘मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८’ करण्यात आला आणि १ जून १९५९ पासून तो लागू झाला. पुढे त्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले. पण परभणीतील पंचायतींचा कारभार आजही मूलतः याच अधिनियमावर चालतो. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला. १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय रचना प्रत्यक्षात आली. ग्रामसेवक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी पंचायतीचा सचिव झाला. २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे पदनाम देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला.

पटवाऱ्याच्या जागी आलेला तलाठी काळीचा हिशेब ठेवू लागला आणि ग्रामसेवक पांढरीचा. अशा रीतीने जुनी विभागणी नव्या नावांनी टिकून राहिली. सातबारा तलाठ्याकडे आणि घराचा ‘आठ’ पंचायतीत, हे आजही ग्रामस्थांचे रोजचे ज्ञान आहे.

पंचायतीचे वर्ष : कामांचा क्रम

एप्रिल महिन्यात पंचायतीचे वर्ष सुरू होते. कर आकारणी नोंदवही म्हणजे नमुना ८ आणि त्यावरून तयार होणारी मागणी नोंदवही म्हणजे नमुना ९ या कारभाराच्या पायाभूत वह्या होत. दर चार वर्षांनी फेरआकारणी करावयाची असते. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर व पाणीपट्टी या नित्याच्या बाबी. बाजार भरत असल्यास बाजार फी आणि यात्रा भरत असल्यास यात्रा कर या नैमित्तिक बाबी. पैसे भरल्याची पावती नमुना १० वर मिळते आणि रक्कम नमुना ५ च्या रोकडवहीत चढते. २०११ च्या लेखासंहितेनुसार असे एकूण ३३ नमुने ठेवावे लागतात.

आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे ठेवणे अधिनियमाच्या कलम ८ नुसार बंधनकारक आहे. हीच पंचायतीच्या वर्षातील सर्वांत महत्त्वाची घटना होय. इंग्लंडमध्ये १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिल निर्माण झाल्या. तेथेही गावातील मतदारांची वार्षिक सभा १ मार्च ते १ जून या काळात घेण्याचा दंडक आहे. वर्ष संपताच कारभाऱ्यांनी लोकांसमोर उभे राहावे, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

मे व जून हे परभणीसारख्या जिल्ह्यात पाण्याच्या चिंतेचे महिने असतात. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत केला जातो. पंचायतीचा ठराव पंचायत समितीमार्फत तहसील कार्यालयाकडे जातो आणि मग खासगी विहिरीचे अधिग्रहण किंवा टँकर मंजूर होतो. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे २०१२ ते २०१६ या काळात मराठवाड्यातील पंचायतींचे उन्हाळी कामकाज या एकाच विषयाने व्यापले होते. जायकवाडीचा डावा कालवा आणि येलदरी प्रकल्प यांच्या लाभक्षेत्रातील गावे व जिंतूर-गंगाखेडकडील डोंगराळ गावे यांच्या पंचायतींचे उन्हाळे म्हणूनच सारखे नसतात.

पावसाळ्यात नाल्यांची सफाई, जलशुद्धीकरण आणि साथरोगांचा बंदोबस्त ही कामे येतात. १५ ऑगस्टची ग्रामसभा पुढील वर्षाच्या कामांच्या निवडीसाठी महत्त्वाची ठरते. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. हा मराठवाड्यातील पंचायतींचा उर्वरित महाराष्ट्रातील पंचायतींहून वेगळा दिवस होय. २ ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा. हिवाळ्यात अंदाजपत्रकाची जुळवाजुळव होते व ते पंचायत समितीकडे सादर केले जाते. २६ जानेवारीची ग्रामसभा झाली की मार्चअखेरच्या वसुलीचे वेध लागतात. याशिवाय दरमहा पंचायतीची मासिक सभा असतेच.

या क्रमात काळानुसार नवी कामे मिळत गेली. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि ‘आमचं गाव आमचा विकास’ या नावाने वार्षिक विकास आराखडा करणे भाग पडले. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात राज्यातील या निधीची वाटणी जिल्हा परिषद १०, पंचायत समिती १० व ग्रामपंचायत ८० टक्के अशी करण्यात आली. निधी वाढला, पण त्याचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील राहिला. स्वतःच्या करांतून येणारे उत्पन्न लहान व वरून येणारे अनुदान मोठे अशी स्थिती निर्माण झाली.

दोन वर्षांचा विसंवाद

आर्थिक वर्ष आणि पिकाचे वर्ष यांतील अंतर वसुलीत स्पष्ट दिसते. कराचे बिल वर्षारंभी निघते. ३० सप्टेंबरपूर्वी कर भरणाऱ्यास ५ टक्के सूट आणि वर्षअखेरपर्यंत न भरणाऱ्यास ५ टक्के दंड, अशी तरतूद आहे. परंतु एप्रिल ते सप्टेंबर हाच शेतकऱ्याच्या खर्चाचा काळ असतो. बी-बियाणे, खते, मजुरी, मुलांच्या शाळा यांत हातचा पैसा संपतो. सोयाबीन बाजारात जाते ते ऑक्टोबरात. कापसाची वेचणी त्यानंतर. म्हणजे सूट मिळविण्याची मुदत संपते तेव्हा पीक शेतातच उभे असते. सवलतीचा लाभ पगारदार व व्यापारी कुटुंबांना सहज घेता येतो, तर कोरडवाहू शेतकरी व मजूर बहुधा थकबाकीदारांच्या यादीत राहतो. कायद्याचा हेतू तसा नसला तरी तारखेचा परिणाम तसा होतो.

थकबाकीचे परिणामही हलके नाहीत. मागणीनंतर विहित मुदतीत कर न भरणारी व्यक्ती पंचायतीचे सदस्यत्व गमावू शकते. ज्याच्या नावे थकबाकी आहे तो ग्रामसभेत प्रश्न विचारण्यासही कचरतो. जमाखर्च विचारण्याचा अधिकार मतदाराचा आहे, तो करभरणीवर अवलंबून नाही. पण गावातील प्रत्यक्ष व्यवहारात ही सीमारेषा पुसट होते.

ग्रामसभेच्या बाबतीतही असेच घडते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे आवश्यक असून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस रूढ झाले आहेत. राष्ट्रीय जीवनात या दिवसांचे महत्त्व मोठे आहे, पण शेतीच्या दृष्टीने ते पाहिले पाहिजेत. १५ ऑगस्ट हा निंदणी-फवारणीचा काळ, तर २ ऑक्टोबर हा सोयाबीनच्या काढणीचा. २६ जानेवारीला गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागांतील ऊसतोड मजुरांची कुटुंबे गावात नसतात. दसरा-दिवाळीनंतर ती कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. राहता राहिला १ मे. शेतीची मोठी कामे नाहीत, स्थलांतरित परत आले आहेत, पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आहे आणि मागील वर्षाचा जमाखर्चही तयार आहे. वर्षातील पहिली ग्रामसभा या काळात होणे हा योगायोग असला तरी गावातील सर्वांत दुर्बल घटकाला हिशेब ऐकण्याची हीच संधी असते. ही सभा तहकूब होणे म्हणजे त्या कुटुंबांसाठी बहुतांशी संपूर्ण वर्षाचा हिशेब हातचा जाणे होय.

गणपूर्तीचा नियम येथे विचारात घ्यावा लागतो. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. कामकाज अडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. परंतु थोड्या लोकांच्या उपस्थितीत जमाखर्च संमत करून घेण्याची वाटही तिनेच मोकळी होते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद २००३ च्या सुमारास आली. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून महिलांना एक-तृतीयांश आणि राज्याने २०११ मध्ये निम्म्या जागा राखून ठेवल्या. ज्या चावडीवर स्त्रियांना व दलितांना बसता येत नव्हते, त्याच गावांत त्या सरपंचपदी आल्या, हे स्थित्यंतर सामान्य नव्हे. मात्र महिला सभेची नोंद केवळ सह्यांपुरती राहिल्यास ते अपूर्ण राहते.

राज्यस्तरावरील धोरणातील चढउतारांमुळे या वार्षिक क्रमाला वेळोवेळी धक्केही बसले. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. २०२० मध्ये कोरोनामुळे निवडणुका लांबल्या, मुदत संपलेल्या पंचायतींवर प्रशासक आले आणि ग्रामसभांना खंड पडला. १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान होऊन हा खंड भरून निघाला. परंतु त्या वर्षी अनेक गावांत जमाखर्च ऐकण्याचा लोकांचा नित्यक्रम तुटला होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, परभणी जिल्ह्यातील गावकारभाराचे वर्ष गावाने ठरविलेले नाही. फसली सन वसुलीसाठी आला व एप्रिल-मार्चचे वर्ष सरकारी हिशेबासाठी आले. दुसरी, फसली वर्ष पिकाशी जुळलेले होते, पण त्यात लोकांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. आजच्या वर्षात अधिकार आहे, पण त्याच्या तारखा पिकाशी व स्थलांतराशी जुळत नाहीत. तिसरी, ही उणीव मोठा खर्च न करता दूर होण्यासारखी आहे. कर-सवलतीची मुदत सुगीनंतर, डिसेंबरअखेरपर्यंत नेणे, मेमधील ग्रामसभेत जमाखर्च सविस्तर वाचून दाखविणे व तो त्यापूर्वी सूचनाफलकावर लावणे, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांच्या प्रस्थानापूर्वी प्रभागनिहाय बैठक घेणे हे उपाय शासन व पंचायती यांच्या आवाक्यातील आहेत.

निजामी राजवटीत पटवाऱ्याचा कागद गावाबाहेरच्या वाचकासाठी लिहिला जात असे. आज नमुने मराठीत आहेत आणि बरीच माहिती संगणकावर उपलब्ध आहे. तरीही ३३ नमुन्यांचा खरा वाचक लेखापरीक्षक आहे की गावकरी, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर अधिनियमाने कलम ८ मध्ये पूर्वीच देऊन ठेवले आहे. दरवर्षी मे महिन्यात गावोगावी त्याचे पालन किती गांभीर्याने होते, यावर परभणी जिल्ह्यातील सातशेहून अधिक ग्रामपंचायतींच्या लोकशाहीचे मोजमाप अवलंबून राहील.